बोनेअर: मोकळ्या समुद्राचा हिशेब

कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून जाताना थोड्या थोड्या अंतरावर पिवळा रंग फासलेला दगड दिसतो. त्यावर एखादं नाव रंगवलेलं असतं. पाटी म्हणावी तर एवढीच. तिकीटखिडकी नाही, रखवालदार नाही, बोटही नाही. भाड्यानं घेतलेली पिकअप दगडाशेजारी उभी करायची, मागच्या हौद्यातून सिलिंडर उतरवायचे, एकमेकांचे पट्टे आवळायचे आणि चालत पाण्यात शिरायचं. काही मिनिटं पोहलं की खाली वाळू संपते आणि प्रवाळाचा उतार सुरू होतो. आई, वडील आणि दोन पोरं असं चौघांचं बिऱ्हाड सकाळी एका दगडापाशी, दुपारी दुसऱ्या दगडापाशी असा आठवडा काढतं. ‘थाउजंड स्टेप्स’ नावाच्या ठिकाणी पायऱ्या शंभरसुद्धा नाहीत. नाव पडलं ते पाठीवर सिलिंडर घेऊन परत वर चढणाऱ्यांच्या हिशेबानं.

या मोकळेपणासाठीच बोनेअर जगभरच्या डायव्हर मंडळींत नावाजलेलं आहे. कॅरिबियनमध्ये इतरत्र बहुतेक ठिकाणी रिसॉर्टची बोट ठरल्या वेळी सुटते, गाइड पुढे आणि पाहुणे मागे अशी वरात पाण्याखाली फिरते आणि तासाभरात सगळे वर येतात. इथे वेळ, जागा आणि जोडीदार पाहुणाच ठरवतो. पाहणाऱ्याला वाटतं, निसर्गानं दिलं आणि माणसांनी घेतलं. निसर्गानं दिलंय हे खरंच. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवरचं हे २८८ चौरस किलोमीटरचं बेट कोरडं आहे; पाऊस कमी, नद्या नाहीत, त्यामुळे गाळ वाहून येत नाही आणि पाणी नितळ राहतं. व्यापारी वारे पूर्वेकडून येत असल्यानं पश्चिमेची बाजू आडोशाला पडते. चक्रीवादळांचा नेहमीचा मार्गही उत्तरेकडून जातो, तरी १९९९ च्या ‘लेनी’नं उलट्या दिशेनं लाटा आणून उथळ प्रवाळ फोडला होता. पण असा आडोसा आणि असं पाणी इतर बेटांनाही मिळालेलं आहे. बोनेअरची मोकळीक घडली ती नियमांमुळे, आणि ते नियम पाळण्याचा व त्यांचे पैसे भरण्याचा भार सुट्टीवर येणाऱ्या कुटुंबांनी उचलल्यामुळे. ही सुट्टी म्हणजे समुद्राच्या राखणीची यंत्रणा चालवणारं एक चाक आहे, असं मला म्हणायचंय.

या गोष्टीची सुरुवात एका शिकाऱ्यापासून होते. डॉन स्टुअर्ट हा अमेरिकन खलाशी १९६२ मध्ये ‘व्हॅलेरी क्वीन’ नावाच्या शिडाच्या जहाजातून बोनेअरला आला आणि तिथलाच झाला. सुरुवातीला त्याचा धंदा शोभेचे मासे पकडून विकण्याचा होता, आणि भाल्याच्या बंदुकीनं मासे मारण्यातही त्याला काही वावगं वाटत नसे. बेटावर पाहुण्यांसाठी खोल्या होत्या त्याही दुसऱ्या महायुद्धात नजरकैदेची छावणी असलेल्या जागेत. तिथे पाहुण्यांना पाण्याखाली नेता नेता ‘कॅप्टन डॉन’च्या लक्षात आलं की आपलं भांडवल खाली आहे आणि आपणच ते संपवत आहोत. कासवांच्या अंड्यांना आणि घरट्यांना कायद्याचं संरक्षण १९६१ मध्येच मिळालं होतं. १९७१ मध्ये भाल्यानं मासेमारी बंद झाली आणि १९७५ मध्ये जिवंत वा मेलेला प्रवाळ उचलण्यावर बंदी आली. १९७६ मध्ये स्टुअर्टनं ‘कॅप्टन डॉन्स हॅबिटॅट’ हे रिसॉर्ट उभं केलं. भरलेले सिलिंडर रात्रंदिवस हाताशी, समोरच धक्का आणि धक्क्याखाली प्रवाळ, ही या रिसॉर्टची कल्पना होती. बोटींनी नांगर टाकू नयेत म्हणून समुद्रतळाशी कायमच्या दोरखंडाच्या बोया बांधण्याच्या कामातही तो पुढे होता. एक नांगर फरफटत गेला तर क्षणात शंभर वर्षांचा प्रवाळ जातो. बोयेला बोट बांधली तर काहीच जात नाही. इतका साधा हिशेब बाकीच्या कॅरिबियनला पटायला बराच काळ गेला. २०१४ मध्ये स्टुअर्ट वारला, तेव्हा बेटावरच्या कितीतरी डाइव्ह साइटना त्यानं दिलेली नावं चालू होती.

मात्र एका माणसाच्या शहाणपणावर समुद्र राखला जात नाही. १९७९ मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडच्या पैशांवर बोनेअर सागरी उद्यान स्थापन झालं. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा, बोनेअर आणि शेजारच्या क्लाइन बोनेअरभोवतीचा सगळा पट्टा त्यात आला, सुमारे २७०० हेक्टर. निधी संपला तसं उद्यानही थंडावलं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षं ते कागदावरच होतं. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही: मालवणच्या सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ ची, पण मच्छीमारांचा विरोध आणि अंमलबजावणीची ओढाताण यांत तिचा पुष्कळसा काळ गेला. बोनेअरनं गाठ सोडवली ती पैशाच्या बाजूनं. १९९१ मध्ये उद्यान पुन्हा उभं राहिलं आणि १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात झाली. हॉटेलवाल्यांना धास्ती होती की पाहुणे दुसऱ्या बेटावर जातील. गेले कुणीच नाहीत. जॉन डिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलट असं दिसलं की बहुतेक डायव्हर याच्या दुप्पटही द्यायला तयार होते. शुल्क भरलं की प्लॅस्टिकचा एक बिल्ला मिळे आणि तो जॅकेटला लटकवायचा. पाण्यात उतरणाऱ्याच्या छातीवर लोंबणारी ती पावतीच उद्यानाच्या पगाराची, गस्तीच्या बोटीची आणि बोयांच्या दोरखंडाची हमी होती. शुल्क पुढे कित्येक पटींनी वाढलं, तरी बेट ओस पडलं नाही.

पैसे भरले म्हणजे सुटलो असं नाही. विमानातून उतरलेला डायव्हर, मग त्याच्या खात्यावर हजार डाइव्ह असोत, बेटावर लगेच कुठेही उतरू शकत नाही. आधी रिसॉर्टमध्ये बसून नियम ऐकायचे: हातमोजे चालणार नाहीत (हातात मोजे असले की माणूस प्रवाळाला धरतो, नसले की धरायला कचरतो), शिंपले उचलायचे नाहीत, कशावर उभं राहायचं नाही. मग रिसॉर्टसमोरच्याच उथळ पाण्यात ओळखीची एक डाइव्ह. ही डाइव्ह जवळून पाहण्यासारखी आहे. छातीएवढ्या पाण्यापलीकडे गेल्यावर तरंगायला मदत करणाऱ्या जॅकेटमधली हवा पूर्ण सोडायची, नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि स्वस्थ राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेशी थांबलं पाहिजे आणि श्वास सोडला की अंग हळूच खाली जायला हवं. धोंड्यासारखं खाली गेलं तर वजनासाठी कमरेला बांधलेलं शिसं जास्त आहे. घरच्या गोड्या पाण्याच्या तलावात शिकलेल्यांची गडबड उलटी होते, कारण खाऱ्या पाण्यात शिसं जास्त लागतं. त्यातही एक पोटगाठ आहे. भरलेल्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरमधली हवाच दोन-अडीच किलो भरते. डाइव्हच्या शेवटी त्यातली बरीच संपते, सिलिंडर हलका होऊन वर ओढू लागतो, म्हणून तेवढं शिसं आधीच जमेस धरावं लागतं. हे जमलं नाही तर काय होतं? जास्त शिशाचा डायव्हर पाय खाली टाकून तिरका पोहतो, प्रत्येक लाथेला वाळू उडते आणि ती वाळू प्रवाळाच्या तोंडात बसते. म्हणजे बोनेअरला प्रवाळ वाचवायचा तर पोलीस नेमण्याआधी शिसं मोजावं लागतं. आपल्याकडे तारकर्ली-मालवणला हौशी पाहुण्याचा सिलिंडर गाइड धरून असतो आणि पाहुण्याला फक्त तोंडानं श्वास घ्यायचा असतो. तिथे ते योग्यच आहे, कारण पाहुणा शिकलेला नसतो. पण मग मोकळीकही नसते.

इथे पहिला आक्षेप पालकांकडून येतो: हे पोरांचं काम आहे का? हा प्रश्न भाबडा नाही. स्कूबाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे, श्वास रोखायचा नाही, आणि त्यामागचं भौतिकशास्त्र लहानांच्या बाजूनं नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आलं तर छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते. तीस मीटरवरून वीसवर येताना ती जेमतेम एक-तृतीयांशानं वाढते. म्हणजे घाबरलेल्या मुलासाठी उथळ पाणी सुरक्षित, हा समज उलटा आहे. म्हणूनच पाडीसारख्या स्कूबा प्रशिक्षण संस्थांनी वयाच्या पायऱ्या आखल्या आहेत. आठव्या वर्षी तलावासारख्या शांत जागी दोन मीटरपर्यंत चव घेता येते. दहाव्या वर्षी प्रमाणपत्र मिळतं, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलानं बारा मीटरच्या खाली जायचं नाही आणि सोबत पालक किंवा प्रशिक्षक हवाच. बोनेअरच्या उताराचा सर्वांत समृद्ध भाग नेमका याच पहिल्या दहा-बारा मीटरमध्ये आहे. १९८४ मध्ये बुडालेलं ‘हिल्मा हूकर’ हे मालवाहू जहाज तीस मीटरवर पडलंय, त्यात गांजा सापडला होता ही गोष्टही मुलांना आवडते; पण तिथे मोठ्यांनीच जायचं. तरीही सर्व मुलांना हे झेपेल असं नाही. ज्या मुलाला मास्कमध्ये पाणी शिरलं की रडू येतं, त्याला नळी आणि फिन्स देऊन वर पोहू द्यावं. ते पोपटमासे पाहील, त्यांच्या दातांचा कचकच आवाजही ऐकेल. नुकसान काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: राखण करायला आलेले डायव्हरच प्रवाळ मोडतात. ते खरं आहे. शुल्काबद्दलच्या त्याच डिक्सन अभ्यासानं एका साइटवर वर्षाला साधारण चार ते सहा हजार डाइव्ह ही सहनशक्तीची सीमा मानली, आणि १९९९ मध्ये ज्युली हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी बोनेअरमध्येच दाखवून दिलं की जास्त वर्दळीच्या जागी जुने, गोलाकार, सावकाश वाढणारे प्रवाळ डाइव्हबंदीच्या राखीव पट्ट्यांपेक्षा वेगानं घटले. मात्र पर्यायाकडेही पाहायला हवं. डाइव्हबंद पट्टा राखायला गस्त लागते, गस्तीला पैसा लागतो आणि तो पैसा डायव्हरच्याच खिशातून येतो. शिवाय किनाऱ्यावरून कुठेही उतरण्याची सोय असल्यानं गर्दी पन्नासहून जास्त ठिकाणी वाटली जाते. एका बोटीतून तीस जण एकाच खडकावर ओतले जात नाहीत. मासे खाणाऱ्यांनाही हिशेबात घ्यावं लागलं. २०१० मध्ये पोपटमासा पकडण्यावर बंदी आली, कारण तो प्रवाळावर माजणारं शेवाळ खातो. शेवाळ खाणारा दुसरा जीव, लांब काट्यांचा समुद्री साळिंदर, १९८३-८४ च्या साथीत सगळ्या कॅरिबियनमध्ये जवळजवळ नाहीसा झाला होता.

तिसरा आक्षेप स्थानिकांचा, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. बोनेअर २०१० मध्ये नेदरलँड्सची खास नगरपालिका झालं, पाठोपाठ २०११ मध्ये डॉलर चलन आलं, लोकसंख्या पंधरा हजारांच्या घरातून पंचवीस हजारांपलीकडे गेली. पापियामेंटू बोलणाऱ्या जुन्या घरांना घरभाडं आणि किराणा दोन्ही महाग झालं. दक्षिणेला मिठागरांजवळ १८५०च्या सुमाराच्या गुलामांच्या ठेंगण्या दगडी झोपड्या अजून उभ्या आहेत, आणि पाहुण्यांच्या पिकअप त्यांच्याशेजारून डाइव्हला जातात. समुद्र राखला गेला, पण राखणीचं उत्पन्न कुणाच्या घरात गेलं, हे विचारण्याचा अधिकार बेटाला आहे. उद्यानाचे रेंजर आणि कर्मचारी, गळानं मासे धरण्याची मुभा, प्रवाळ लावणीच्या कामात शाळेतली मुलं, या जमेच्या बाजू आहेत. हॉटेलांच्या आणि नव्या वसाहतींच्या सांडपाण्याची प्रक्रिया मात्र फार उशिरा सुरू झाली. सांडपाण्यातली पोषकद्रव्यं शेवाळ पोसतात. म्हणजे पाहुणा खाली प्रवाळाला हात लावत नाही आणि वर आंघोळीच्या पाण्यानं त्याला मारतो.

उरतो तो विमानाचा आक्षेप. हजारो किलोमीटर उडून येणारं कुटुंब ज्या धुराचा वाटा उचलतं, त्याच धुरानं तापलेल्या पाण्यात २०२३ मध्ये बोनेअरचा प्रवाळ पांढरा पडला. कोणताही बिल्ला पाण्याचं तापमान उतरवत नाही. आठ बोनेअरवासीयांनी ग्रीनपीसबरोबर २०२४ मध्ये डच सरकारला हवामानाच्या प्रश्नावर न्यायालयात खेचलं ते त्यामुळेच: बेटाच्या आवाक्यातलं बेटानं केलं, बाकीचं हेगमध्ये ठरायचं होतं. तरी आवाक्यातलं क्षुल्लक नसतं. त्याच २०२३ मध्ये कठीण प्रवाळाच्या ऊती गळून पडण्याचा रोग बेटावर पोचला. हा रोग पाण्यातून पसरतो आणि डायव्हरच्या साहित्याबरोबरही फिरू शकतो. उद्यानानं काही साइट काही काळ बंद केल्या आणि डाइव्हनंतर जॅकेट, रेग्युलेटर, फिन्स निर्जंतुक करण्याची सूचना काढली. तेव्हापासून रिसॉर्टच्या धक्क्यावर गोड्या पाण्याच्या हौदाशेजारी औषधी पाण्याचा हौद आला. आधी त्यात बुडवायचं, ठरलेला वेळ थांबायचं, मग धुवायचं. दहा वर्षांच्या मुलाला हे काम सांगितलं तर ते बापापेक्षा काटेकोरपणे करतं.