मोजणारी मुलं

परितेवाडी म्हटलं की लोकांना पाठ्यपुस्तकांतला क्यूआर कोड आठवतो. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या या छोट्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. हे मोठंच काम आहे. पण मीही याच जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि त्या पुरस्काराच्या वेळी छापून आलेली दुसरीच एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटत आली आहे. परितेवाडीच्या परिसरातलं हिरवं क्षेत्र दहा वर्षांत २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेलं, सुमारे २५० हेक्टर जमीन उजाड होण्यापासून वाचली आणि त्यासाठी शाळेला २०१८ मध्ये विप्रोचा निसर्गविषयक पुरस्कार मिळाला. दहा वर्षांत आठ टक्के, म्हणजे वर्षाला पुरता एक टक्काही नाही. पण हा आकडा सांगता येतो, म्हणजे कुणीतरी आधी मोजलं होतं आणि नंतरही मोजलं. शाळांमधल्या पर्यावरणाच्या कार्यक्रमांत नेमकं हेच राहून जातं.

आमच्याकडची अडचण कॅलेंडरपासूनच सुरू होते. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला आणि आमच्या शाळा उघडतात जूनच्या मध्याला. मग वृक्षारोपण जुलैत होतं. फोटो निघतात, ‘झाडे लावा, झाडे जगवा’ म्हणत प्रभातफेरी गावातून फिरते. पण सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. इथला खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा, सप्टेंबरातला. जुलैत लावलेल्या रोपाला आधी पावसाची उघडीप झेलावी लागते, आणि त्यातून जे वाचतं ते पुढच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, पाण्यावाचून जळून जातं. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टं चढत गेली. खड्डे किती काढले हे प्रत्येक कार्यालयाला पाठ होतं. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभी किती, हा प्रश्न मुलांना विचारायला शिकवणं मला वृक्षारोपणाहून महत्त्वाचं वाटतं.

म्हणून आमच्या शाळेत सुरुवात झाडापासून नाही, पावसापासून होते. शीतपेयाची मोठी बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बाटलीचं बूड ओबडधोबड असतं, म्हणून तिथं खडे टाकायचे आणि शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. त्या खुणेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. बाटली झाडाखाली किंवा वळचणीला ठेवायची नाही, उघड्यावर ठेवायची. सकाळी साडेआठला नोंद घ्यायची, कारण हवामान खातंही त्याच वेळी घेतं. रविवारी शाळेशेजारी राहणारी मुलं येऊन बघतात.

आकडा मिळाला तरी मिलिमीटर म्हणजे काय, हे मुलांना कळत नाही. मग अंगणात एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखायचा, कडेनं मातीचा बांध घालून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि एक लिटर पाणी ओतायचं. ते जेमतेम पसरतं. हा एक मिलिमीटर पाऊस. मग पाचवीची मुलं स्वतःच गणित मांडतात. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ५४५ मिलिमीटर, हजार चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, तर एका घरावर वर्षाला ५० हजार लिटर पाणी पडतं. ज्या घरात आईबरोबर घागरी घेऊन टँकरची वाट पाहिलेली असते, त्या घरातल्या मुलाला हा आकडा पुन्हा सांगावा लागत नाही.

उष्णतेचंही तसंच. आमच्या जिल्ह्यात अजून धाब्याची घरं आहेत, जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर असलेली. शेजारीच नवी पत्र्याची घरं. एप्रिलात मुलं दोन्हीकडे दुपारी तापमापक टांगतात, तेव्हा पाच-सहा अंशांचा फरक सहज दिसतो. ‘बाई, आमच्या पत्र्याखाली लई उकडायलंय,’ हे ती आधीही म्हणत होती; आता ‘का’ विचारतात. तिथून हवामानबदल शिकवणं अवघड राहत नाही. कोळसा, डिझेल जाळलं की हवेत कर्बवायू साठतो आणि तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कोळसा कुठं जळतो हे दाखवायला लांब जावं लागत नाही, फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. आपल्या वर्गातला पंखा आणि ती चिमणी एकाच तारेच्या दोन टोकांना आहेत, हे कळलं की रिकाम्या वर्गातला पंखा बंद करायला मॉनिटर लागत नाही. तापलेली हवा एका अंशामागे सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, म्हणून पाऊस लांबतो आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेला पूर आमच्या मोठ्या मुलांना चांगला आठवतो. दुष्काळी म्हणवणारा जिल्हा पाण्याखाली कसा गेला, याचं उत्तर त्या सात टक्क्यांपासून सुरू करता येतं.

यातलं घरी काय जातं? माझ्या मते खरी परीक्षा तिथंच आहे. उसाच्या पट्ट्यात तोडणी झाली की पाचट पेटवून द्यायची पद्धत. संध्याकाळी आकाश काळवंडतं, वर्गात खोकणारी मुलं वाढतात. एका वर्षी मुलांनी पाचटाचा हिशेब मांडला. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. जाळलं तर धूर. सरीत ठेवून त्यावर टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर खत होतं, ओल टिकते, तण कमी येतं. पाचवीतल्या एका मुलीनं हे वहीत लिहून घरी नेलं. पालकसभेला तिचे वडील आले तेव्हा उभं राहून म्हणाले, ‘बाई, लेकीनं आवंदा पाचट पेटवू दिलं न्हाई.’ मागून कुणीतरी विचारलं, खोडवा कसा आलाय? पुढचा अर्धा तास सभेत फक्त पाचटावर बोलणं झालं. मी गप्प बसून ऐकलं. हेच सांगणारी कृषी विभागाची पत्रकं गावात कधीपासून येत होती.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांमध्ये संशोधकांनी मुलांचं शिकणं घरी पोचतं का, हेच तपासलं. तो अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आला. हवामानबदल शिकलेल्या मुलांच्या आईवडिलांची काळजीही वाढलेली दिसली, सगळ्यांत जास्त फरक वडिलांमध्ये पडला होता, आणि मुलींच्या बोलण्याचा परिणाम जास्त झाला होता. मुलगी काही विकायला आलेली नसते, तिला मत नको असतं. बाप ऐकतो.

एका गोष्टीवर मात्र मी सहकाऱ्यांशी भांडते. सोलापुरात प्रत्येक मोहिमेचा शेवट झाडातच व्हावा, हे मला पटत नाही. नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं. त्या माळरानावर काळवीट, लांडगा, चंडोल राहतात. माळढोक पक्षी आता दिसला तर नशीब. त्याला दाट झाडी नको, उघडा माळ हवा. मारवेल, पवन्या, कुसळ ही गवतं आपला बराचसा कर्ब मुळांवाटे जमिनीत साठवतात, वणवा लागला तरी तो खाली शाबूत राहतो. माळाला ‘पडीक’ म्हणून त्यात ओळीनं ग्लिरिसिडिया लावणं म्हणजे पर्यावरण नव्हे. मी मुलांना तिथं नेते तेव्हा खुरपं नेत नाही, दुर्बीण नेते. झाड लावायचं तर गावठाणात, बांधावर, शाळेच्या कुंपणाला, आणि तेही लिंब, चिंच, करंज, बोर, ज्यांना इथला उन्हाळा माहीत आहे.

मोठ्या मोहिमांचा उपयोग नाही असं कुणी समजू नये. २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानानं भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वांत मांडणी केली, म्हणून ग्रामपंचायतीच्या खुर्चीतल्या माणसाशी या विषयावर बोलता येऊ लागलं. आषाढीला ‘पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी’ दिंडीबरोबर भारूड आणि पथनाट्य घेऊन येते, तेव्हा माणसं थांबून ऐकतात, कारण ते त्यांच्याच चालीत असतं. फक्त मोहीम पुढच्या मुक्कामाला जाते आणि गाव मागे उरतं. त्या उरलेल्या दिवसांची व्यवस्था शाळाच करू शकते. रोजगार हमीतून लावलेली झाडं जगवायची मजुरी देता येते; हे ग्रामसभेत मागितलं तर मे महिन्यात शाळेच्या रोपांना पाणी घालणारा माणूस मिळतो. मागावं मात्र लागतं.

आमच्या पावसाच्या वहीला आता वेगळंच गिऱ्हाईक मिळालं आहे. पीकविमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी महसूल मंडळाच्या केंद्रावरचा पाऊस पाहिला जातो, आणि ते केंद्र गावापासून लांब असतं. तिकडं भुरभुर आणि इकडं ओढे फुटलेले, असं होतं. अतिवृष्टीनंतर शेतकरी शाळेत येऊन विचारू लागले, त्या रात्रीचा आकडा किती लिहिलाय? कापलेल्या बाटलीच्या नोंदीला सरकारदरबारी किंमत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. तरी ते झेरॉक्स नेतात. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत सातवीच्या मुलांनी जून ते सप्टेंबरची वही वाचून दाखवली आणि पंचायतीच्या छतावर प्रमाणित पर्जन्यमापक बसवावा अशी मागणी केली. ठराव झाला. आता ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे त्याचा पाठपुरावा करायचा आहे, आणि ते काम मुलांनीच आपल्याकडे घेतलं आहे.