तिसऱ्या खाव्यात, पण खाडी पाहून

ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका आपल्या किनाऱ्याला नव्या नाहीत. सुके, कालवण, एकशिपी. घराघराची रीत वेगळी. दवाखान्यात मात्र प्रश्न एकच येतो, ‘‘डॉक्टर, तिसऱ्या उष्ण ना?’’ हा ‘उष्ण’ काही आपल्याला सोडत नाही! परवा एका आजींनी रक्त कमी असलेल्या नातीसाठी हेच विचारले. मी म्हटले, ‘‘खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत नसतील तर खुशाल द्या. लोहाच्या गोळ्या तेवढ्या थांबवू नका.’’ तिसऱ्यांत प्रथिने आणि लोह असते, ब-१२ जीवनसत्त्व तर भरपूर.

माझी काळजी वेगळीच आहे. तिसरी पाणी गाळून त्यातले अन्न खाते. खाडीत सांडपाणी येत असेल तर त्यातले रोगजंतूही तिच्या अंगात साठतात. १९८८ साली चीनमधील शांघाय शहरात अर्धकच्च्या शिंपल्या खाऊन सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली. तिथे शिंपल्यांवर नुसते उकळते पाणी ओतून खात. आपण शिजवतो हे खरे, पण चिवट होतील म्हणून शिंपली उघडताच टोप उतरवणाऱ्या सुगरणीही पुष्कळ आहेत. शिंपली उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटे रटरटू द्यावे. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, विषाणू निघत नाहीत. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटली नाही, तर ती तिसरी मेलेली समजून फेकावी. गटाराच्या तोंडाशी मिळालेल्या तर फुकट मिळाल्या तरी नकोत.

समुद्रातल्या काही सूक्ष्म शेवाळांचे विष मात्र शिजवूनही जात नाही. १९८१ मध्ये तमिळनाडूत अशा शिंपल्यांमुळे तीन जण दगावले. खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटे बधिर झाली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. श्वास बंद पडू शकतो.

शिंपल्या भट्टीत भाजून चुना करतात, तो पानाला आणि भिंतीला लागतो. चुना शिंपल्यांचा असो वा दगडाचा, त्याची पुडी मुलांच्या हाती देऊ नये. दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. तसे झाल्यास दूध-तूप काही न घालता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान अर्धा तास धुवावा, पापणीखालचे कण काढावेत आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. धुणे आधी, रिक्षा नंतर.