फाँट आपला, संगणक परका

आमच्या सीमाभागात आजीच्या आठवणी लिहून काढायच्या म्हटलं की दोन लिप्या आल्याच. आजी मराठीत सुरुवात करते आणि माहेरचा विषय निघाला की कन्नडवर जाते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने अशीच पुस्तिका करायला घेतली. घरी संगणक नाही, कॉलेजच्या लॅबमधला वापरायचा. तिथे नवा फाँट बसवायला गेलं की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतात. मुलांनी वाटेल ते भरू नये म्हणून हे कुलूप आहे, ते योग्यच. पण आजी नव्वदीची! वाट किती पाहायची?

तिने निवडलं झीटेक. डोनाल्ड नुथ यांच्या १९७८ च्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीचं हे युनिकोड जाणणारं रूप जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलं. दोन्ही मोफत. त्यात फाँटच्या नावाऐवजी फाँटच्या फाइलचं पूर्ण नाव, शेवटच्या ‘.टीटीएफ’सकट, देता येतं. ती फाइल आपल्या मजकुराच्याच फोल्डरमध्ये ठेवायची, बस्स. संगणकात काही बसवायचंच नाही, मग परवानगी कशाची? प्रवासाला निघताना घरचा डबा घ्यावा तसा फाँट पेनड्राइव्हवर घेऊन फिरावा. नोटो सेरिफ देवनागरी आणि नोटो सेरिफ कन्नड हे दोन्ही फाँट मोफत आहेत आणि दुसऱ्याला द्यायलाही मोकळीक आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. प्रत्येक फाँटला त्याची लिपी कोणती ते सांगावं लागतं. नाही सांगितली तर ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते आणि कन्नडमध्ये ‘अम्मा’तला दुसरा ‘म’ ओत्तक्षर होऊन खाली उतरतच नाही. आजीला तिची भाषा अशी मोडकी दाखवायची का?

आणि मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटांत लिहिलेल्या फाइली कित्येक घरांत पडून आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात.

वर्ड वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून फाँट फक्त आपल्या खात्यापुरता बसवता येतो. लॅबवाल्यांनी तेही बंद केलं नसेल तर!

छापखान्यात मात्र झीटेकने केलेली पीडीएफच द्यावी. फाँट तिच्या आतच असतात, छापणाऱ्याकडे ते असायची गरज नाही.