यंत्रावरची गोधडी

जुन्या सुती साडीचे काय करावे, हा प्रश्न आपल्या देशातील गृहिणीला कधी फारसा पडला नाही. वापरून मऊ झालेले वस्त्र थरावर थर अंथरावे, ते टाचावे आणि त्यातून घराला ऊब द्यावी, हे शहाणपण प्रांतोप्रांती आढळते. महाराष्ट्रात त्या पांघरुणाला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. नावे निराळी असली तरी सामग्री एकच : जुने कापड, साधा धावदोरा आणि पुष्कळसा वेळ.

यांपैकी वेळच आज दुर्मिळ झाला आहे. त्यामुळे आईच्या किंवा सासूबाईंच्या साड्या पेटीत पडून घडीवर विरू लागतात. शिवणयंत्र अनेक घरांत असते. पण त्यावर गोधडी शिवू पाहणाऱ्या नवशिक्या हातांची बहुधा निराशा होते. वरच्या थराला चुण्या पडतात, कडा एकमेकींशी जुळत नाहीत. शिवण उसवावी, तर जीर्ण कापड सुईच्या छिद्रांशीच फाटते. बाजारातले कापड बिघडले तर दुसरे आणता येते. आईची साडी दुसरी मिळत नाही. म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी यंत्राचा स्वभाव जाणून घेणे इष्ट.

दोष कोठे आहे?

यंत्राच्या सुईखाली लहान दाते असतात. ते कापड मागे सरकवतात, पण त्यांची पकड फक्त खालच्या थरावर असते. वरचा थर दाबपट्टीला घासत जातो आणि मागे रेंगाळतो. दोन पातळ थरांत हा फरक जाणवत नाही. चार थर आणि चार फूट लांबीची शिवण असली, की शेवटी वरचे कापड शिल्लक उरते आणि त्याचीच चुणी होते. हाताने शिवताना सुई सर्व थरांतून एकदमच पार होते आणि बोटे कापड सारखे करीत जातात, म्हणून तेथे ही अडचण जाणवत नाही.

यावर उपाय म्हणजे ‘वॉकिंग फूट’ नावाची जोडपट्टी. नेहमीची दाबपट्टी काढून ती बसवतात. हिला स्वतःचे दाते असतात आणि बाजूला एक दुबेळका दांडा असतो. तो दांडा सुई आवळण्याच्या स्क्रूवर बसतो. सुई वर गेली की वरचे दाते कापडावर टेकतात आणि खालच्या दात्यांबरोबर त्याला मागे नेतात. सुई खाली आली की ते उचलले जाऊन पुढे येतात. ही पट्टी जणू पावले टाकीत चालते, म्हणून तिला हे नाव मिळाले. विकत घेताना आपल्या यंत्राची दाबपट्टी सोबत न्यावी, कारण सर्व यंत्रांची बैठक सारख्या उंचीची नसते. बसवल्यावर चाक हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहावे. दांडा स्क्रूवर नीट बसला नसेल तर पट्टी चालणार नाही आणि सुईही मोडू शकेल.

पूर्वतयारी

आरंभ लहान मुलाच्या ३६ × ४८ इंचांच्या गोधडीने करावा. सहावारी साडी सुमारे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद असते. तिच्यातून ३६ × ४८ इंचांचा एक वरचा थर आणि ४० × ५२ इंचांचे तीन थर निघतात. कडेचे काठ गोटासाठी उरतात. विरलेला भाग मधल्या थरांत घालावा, धड भाग वर आणि खाली.

कापड धुऊन, इस्त्री करून जमिनीवर ताणविरहित अंथरावे. मग सुमारे चार-चार इंचांवर लांब कच्चे टाके घालावेत. या कामास तासभर लागेल. तो तास वाचवू नये. थर मुळातच सरकलेले असतील, तर कोणतीही पट्टी त्यांना सावरू शकत नाही. खडूने मध्यरेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांवर समांतर रेघा आखाव्यात.

प्रत्यक्ष शिवण

चौदा क्रमांकाची नवी सुई व सुती दोरा घ्यावा. टाका नेहमीपेक्षा मोठा, सुमारे ३ मिलिमीटरचा ठेवावा. प्रथम जुन्या चादरीचे फूटभर लांब-रुंद चार थर टाचून त्यावर दोऱ्याचा ताण पाहावा. साडीला सुई त्यानंतरच लावावी.

बॉबीनचा दोरा वर ओढून घ्यावा आणि आरंभीचे चार-पाच टाके बारीक घालावेत. म्हणजे उलट शिवण्याची गरज उरत नाही. या पट्टीने उलट शिवूही नये. पहिली शिवण मध्यरेषेवर, पुढच्या क्रमाने कडेकडे न्याव्यात. एक बाजू पुरी झाली की गोधडी फिरवून दुसरी बाजू घ्यावी. यंत्राच्या कमानीखालील भाग गुंडाळून ठेवावा आणि बाहेरच्या भागाला टेबलाचा आधार द्यावा. तो लोंबकळला तर टाके लहानमोठे पडतात. वेग मंद असावा. हातांनी कापड ओढू नये; केवळ दिशा द्यावी.

कवंदी शिवणाऱ्या स्त्रिया याच्या नेमके उलट करतात. त्या कडेपासून आरंभ करून फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे येतात. त्यांच्या हाताला ते साधते. यंत्रावर मात्र उरलेल्या कापडाला बाहेर पडण्यास वाट हवी, म्हणून मध्यापासून कडेला जावे. ही जोडपट्टी सरळ रेघा आणि सौम्य वळणे यांसाठीच उपयोगी आहे. कांथेतील मोर नि कमळे अजूनही हाताचीच मिरास आहेत.

शेवटी कडा समान कापून गोट लावावा आणि कच्चे टाके काढून टाकावेत. जिच्या काठावरून आपण एकेकाळी आईला गर्दीत ओळखले, ती साडी मग पेटीत राहणार नाही. घरातले एखादे मूल ती पांघरून झोपेल.