रुंद पडदा : इंचांपलीकडचा विचार

रुग्णालयास संगणक देऊ इच्छिणारे दाते आपुलकीने विचारतात, "मॉनिटर किती इंची हवा?" प्रश्न साधा असला, तरी त्याचे उत्तर केवळ इंचांत देता येत नाही. पडदा कोणत्या कामासाठी हवा, हे आधी पाहावे लागते.

पडद्याचे इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर. पूर्वीच्या बहुतेक पडद्यांची रुंदी व उंची ४ : ३ या प्रमाणात असे, आज प्रचलित असलेल्या रुंद पडद्यांत ती बहुधा १६ : ९ असते. १९ इंचांचा ४ : ३ पडदा सुमारे १५.२ इंच रुंद व ११.४ इंच उंच भरतो. तेवढ्याच इंचांचा रुंद पडदा १६.६ इंच रुंद, परंतु ९.३ इंचच उंच असतो. इंचांचा आकडा तोच राहून क्षेत्रफळ मात्र सुमारे ११ टक्क्यांनी घटते.

रुंद पडद्याचे लाभ निश्चितच आहेत. रुग्णाचा जुना व नवा अहवाल शेजारी-शेजारी ठेवून तुलना करता येते. लेखा विभागास अनेक रकान्यांचे तक्ते एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. हृदयालेखाचा कागद सेकंदास २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. दहा सेकंदांचा आलेख २५ सेंटिमीटर लांब होतो. अशा आडव्या आलेखास रुंद पडदा सोयीचा ठरतो.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. लांब यादी वाचताना पडदा वारंवार वर-खाली सरकवावा लागतो. छातीच्या क्ष-किरण फिल्मचा प्रचलित आकार १४ × १७ इंच आहे. अशी उभी प्रतिमा रुंद पडद्यावर संपूर्ण दाखविली, तर त्याच्या रुंदीचा निम्म्याहून कमी भाग उपयोगात येतो. दोन प्रतिमांची तुलना करताना हीच जागा कामी येते, हे खरे. मांडणी चुकल्यास मात्र चित्र आडवे ताणले जाते व गोल आकार लंबगोल दिसतो. शिवाय नोंदणी खिडकीवरील रुंद पडदा रांगेतील इतरांनाही दिसू शकतो. रुग्णाची गोपनीयता जपण्यासाठी तो योग्य कोनात ठेवणे अगत्याचे आहे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निदानाचा. नेहमीच्या रुंद पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू असतात. क्ष-किरणतज्ज्ञांसाठी ३० किंवा ५० लाख बिंदूंचे, बहुधा उभे ठेवले जाणारे पडदे मिळतात. त्यांची उजळता व करड्या रंगाच्या छटा ठरावीक मानकानुसार जुळविलेल्या असतात आणि त्यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. फुप्फुसातील पुसट डाग किंवा हाडातील केसासारखी बारीक भेग ओळखताना ही सूक्ष्मता मोलाची ठरते. असा पडदा कितीतरी महाग असतो आणि आकाराने लहानही असू शकतो. तरीही निदानकक्षात त्याची जागा मोठा घरगुती पडदा घेऊ शकत नाही.

म्हणून लेखा विभागास रुंद पडदा, नोंदणी खिडकीस बेताचा व निदानकक्षास वैद्यकीय दर्जाचा, अशी निवड योग्य होय. देणगीपूर्वी संबंधित विभागाशी विचारविनिमय व्हावा, ही दात्यांस नम्र विनंती. योग्य जागी लागलेला पडदा हा दात्याच्या रुपयाचा सर्वोत्तम विनियोग आहे; त्याचा लाभ अखेर रुग्णासच मिळतो.