नाथीबाईंच्या नावानं

माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर एका आईचं नाव छापलेलं आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. लाखो मुली ‘एसएनडीटी’तून शिकल्या, पण या नाथीबाई कोण, हे विचारलं तर बहुतेक जणी गप्प होतात. त्या ना शिक्षणतज्ज्ञ होत्या, ना पुढारी. मुंबईतल्या भाटिया समाजाच्या गिरणीमालक घराण्यातल्या त्या एक गृहिणी. त्यांचं नाव विद्यापीठाला मिळालं, ते त्यांच्या मुलामुळे.

हा मुलगा म्हणजे सर विठ्ठलदास ठाकरसी. जन्म १८७३चा. कापडगिरण्यांचा घरचा व्यवसाय त्यांनी सांभाळला, वाढवला. १९११मध्ये लल्लूभाई सामळदास यांच्याबरोबर त्यांनी बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावं लागू नये, म्हणून गावोगावच्या पतसंस्थांना पैसा पुरवणारी बँक हवी, हे ओळखणारा हा माणूस. पैसा कुठे घातला की तो काम करत राहतो, याची त्यांना पक्की जाण होती.

तिकडे पुण्यात धोंडो केशव तथा अण्णा कर्वे यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली होती. १९१५च्या सामाजिक परिषदेत, अध्यक्षपदावरून, त्यांनी आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं असं मांडलं आणि पुढच्याच वर्षी ते सुरू केलं. शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय. पदवीला सरकारी मान्यता नव्हती. अण्णा तेव्हा साठीकडे झुकलेले. गावोगाव फिरून लहानलहान देणग्या गोळा करत होते.

१९१९-२०मध्ये विठ्ठलदास पत्नी प्रेमलीलाबाईंसह जगप्रवासाला निघाले. बरोबर विश्वेश्वरय्या होते. टोकियोतलं महिला विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. परतल्यावर १९२०मध्ये त्यांनी अण्णांच्या विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला आईचं नाव द्यावं, ही त्यांची एक अट होती.

रकमेपेक्षा मला देण्याची रीत मोठी वाटते. त्या १५ लाखांवर साडेतीन टक्क्यांनी होणारे ५२,५०० रुपये दर वर्षी विद्यापीठाला मिळायचे होते. इमारत एकदा बांधून होते, पण शिक्षिकांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच हे सुचू शकतं, असं मी ठामपणे म्हणते, कारण मीही दुकानदाराच्या घरची सून आहे.

१९२२मध्ये विठ्ठलदास गेले, तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. प्रेमलीलाबाई तर तिशीच्याही आत होत्या. पण सासूबाईंच्या नावाचं विद्यापीठ त्यांनी आपलं मानलं. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली आणि १९५१मध्ये पहिल्या कुलगुरू झाल्या त्या प्रेमलीलाबाईच. पुण्यातल्या त्यांच्या ‘पर्णकुटी’त गांधीजींनी १९३३चा एकवीस दिवसांचा उपवास केला, हे पुष्कळांना माहीत असतं. मुलानं आईच्या नावानं पैसे दिले, ते देणं सुनेनं पुढे हयातभर निभावलं. या घराण्याविषयी मला खरा आदर वाटतो तो यासाठी.

चिपळूणला आमचं कापडदुकान आहे. सासूबाई चौथी शिकलेल्या, पण गल्ला आणि खतावणी त्यांच्याच हाती. लग्नानंतर मी शिकायचं नाव काढलं तेव्हा घरात कुजबुज झाली. त्या एवढंच म्हणाल्या, “सूनबाई, तू फॉर्म भर. दुकान कुठे पळून जातंय?” एसएनडीटीनं संसारी बायकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची वाट खुली ठेवली होती. मी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना ताग्यांच्या आडोशाला बसून वाचायची. परीक्षेची फी त्यांनी गल्ल्यातून काढून दिली आणि खर्चाच्या बाजूला माझ्या नावानं लिहिली, मालाच्या खर्चासारखीच, काही न लपवता.

त्या गेल्यावर देवळाच्या पायरीला त्यांच्या नावाची फरशी बसवावी, असं दिरांच्या मनात होतं. आम्ही सगळे बसून बोललो. शेवटी ठरलं ते असं : दुकानाच्या वहीत त्यांच्या नावाचं खातं उघडायचं. दिवाळीत वहीपूजनाला पहिली रक्कम त्या खात्यावर लिहायची आणि जूनमध्ये त्यातून कॉलेजात जाणाऱ्या मुलींची प्रवेश फी भरायची. २०२१च्या जुलैत पुराचं पाणी दुकानात शिरलं, माल चिखलात गेला. त्या दिवाळीला रक्कम छोटी होती, पण दिरांनीच ती आधी लिहिली. आता वही माझ्या मुलाकडे आहे आणि कुठल्या मुलीची फी राहिली आहे, ते तो स्वतः कॉलेजात जाऊन विचारून येतो.

तुमच्याही मनात आईसाठी काही करायचं असेल, तर एकदा जवळच्या कॉलेजच्या कार्यालयात जा. फी थकल्यामुळे कुणाचं नाव पटावरून निघण्याच्या बेतात आहे, ते विचारा. जमेल तेवढे पैसे भरा, पण पुढच्या वर्षीही भरायची तयारी ठेवून. आणि पावतीवर आईचं पूर्ण नाव लिहायला सांगा.