कचेरीतला स्विच

स्विच म्हटले, की आपल्याला भिंतीवरचे दिव्याचे बटण आठवते. पण आज आपण दुसऱ्याच स्विचची ओळख करून घेऊ.

दूध सोसायटीत किंवा पतसंस्थेत आपण जातो. तिथे तीन-चार टेबलांवर संगणक असतात. छपाईचे यंत्र, म्हणजे प्रिंटर, मात्र एकच. तरी सगळ्यांचे कागद त्यातूनच निघतात. हे कसं जमतं?

नीट पाहा. टेबलाखाली किंवा भिंतीवर एक चपटी पेटी दिसेल. तिला ओळीने पाच किंवा आठ खाचा असतात. या खाचांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक संगणकाची केबल या पेटीत येते. हाच तो स्विच.

स्विच पोस्टमनचे काम करतो. संगणक, प्रिंटर, प्रत्येकाच्या जोडणीला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. कोणता क्रमांक कोणत्या खाचेतून बोलतो, हे स्विच ध्यानात ठेवतो. मग ज्याचा निरोप त्यालाच पोचवतो. पूर्वी हब नावाची पेटी असे. ती दवंडी पिटल्यासारखी एकाचा निरोप सगळ्यांना सांगे.

या जातीचा पहिला स्विच १९९० साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात निघाला. तो काढणाऱ्या कंपनीचे नाव होते 'कल्पना'! तिच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे मूळचे भारतीय.

आता स्विच बसवायचा कसा, ते पाहू.

आधी संगणक आणि प्रिंटर मोजा. इंटरनेट देणाऱ्या राउटरसाठी एक खाच धरा. एक-दोन खाचा जादा असू द्या. जागा कोरडी आणि हवेशीर हवी. पाण्याच्या माठाजवळ पेटी ठेवू नका. केबल शंभर मीटरपेक्षा लांब नको. ती विजेच्या तारेबरोबर बांधू नका. खुर्चीच्या पायाखाली येऊ देऊ नका.

मग पेटीला वीज द्या. केबलचे एक टोक संगणकात आणि दुसरे स्विचमध्ये बसवा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. राउटरची केबलही तशीच जोडा. संगणक चालू असेल, तर त्याच्या खाचेजवळचा दिवा लागतो. निरोप जाऊ-येऊ लागले, की तो लुकलुकतो. दिवा लागला नाही, तर दोन्ही टोके पुन्हा दाबून पाहा. साध्या स्विचला आणखी काही करावे लागत नाही.

पण एक चूक कधी करू नये. ती आम्ही केली आहे, म्हणून सांगतो.

एकदा आमच्या कचेरीत टेबले हलवली. एका केबलचे टोक लोंबताना दिसले. आम्हाला वाटले, सुटले असेल. रिकाम्या खाचेत बसवून दिले. झालं! सगळे संगणक अडले. पेटीवरचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागले. बाहेर अर्ज भरायला आलेल्यांची रांग होती आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस. तालुक्याला फोन केला, तर दुरुस्तीवाला म्हणाला, "उद्या येतो."

आमच्या कचेरीत काम करणाऱ्या मावशी वर्षापूर्वीच प्रौढ वर्गात वाचायला शिकल्या होत्या. केबलना चिठ्ठ्या होत्या. मावशींनी बोट ठेवून एकेक वाचली. 'पहिले टेबल', 'दुसरे टेबल', 'प्रिंटर', 'राउटर'. मग त्या थांबल्या. "हिला नावच नाही हो. ही कुणाची?"

ती केबल आम्ही हाताने चाचपत गेलो. तिचे दुसरे टोकही त्याच पेटीत निघाले! एक टोक उपसले. दिवे शांत झाले, रांग पुढे सरकली.

असे का झाले? काही निरोप सगळ्यांसाठी असतात. असा निरोप त्या केबलमधून बाहेर जाई आणि परत पेटीतच येई. पेटी तो पुन्हा सगळ्यांना वाटी. निरोपांची इतकी गर्दी झाली, की खऱ्या कामाला वाटच उरली नाही.

तेव्हा एका केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये घालू नका. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. ती मराठीत, ठळक अक्षरांत लिहा. कचेरीतल्या प्रत्येकाला ती वाचता आली पाहिजे. अडचणीच्या वेळी कोण जवळ असेल, हे काय सांगावे?